ठोका नेमका कुठला

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. सातारा

इंजिनातून ठकठक येते, यात आता शंका उरली नाही. गेल्या आठवड्यात यवतेश्वरच्या घाटात पुसटशी ऐकू आली होती, पण तेव्हा धो धो पाऊस होता आणि काचा बंद होत्या. आज उघडीप होती. काचा खाली केल्या, आणि डोंगराच्या अंगाने जाताना आवाज कातळावरून सरळ कानात आला. चढावर येतो. चढ संपून पाय ॲक्सिलरेटरवरून सैल केला की क्षणभर वाढतो. सकाळी थंड इंजिनावर नसतो, गाडी चांगली तापली की सुरू होतो. एवढं लिहून ठेवलं, कारण गॅरेजमध्ये जाऊन ‘कसलासा आवाज येतोय’ म्हटलं की पुढचा सगळा खर्च त्या ‘कसलासा’वर होतो. माझ्याकडे पेशंट ‘कंबर दुखते’ एवढंच सांगतो तेव्हा कुठे, कधी, वाकताना की उठताना, हे विचारल्याशिवाय मी हात लावत नाही. गाडीलाही तेच.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर निदान तयार होतं: इथेनॉल. ई-२० पेट्रोलविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने आजच फेटाळली, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात तेच. मला हे पटत नाही. ऑक्टेनचा आकडा म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची इंधनाची ताकद. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलला तो निदान ९१ असावा लागतो, इथेनॉलचा १०८ च्या आसपास आहे, आणि वीस टक्के मिश्रणाचा ९५ ठरवलेला आहे. म्हणजे या बाबतीत इथेनॉल इंजिनाच्या बाजूनेच आहे. ई-२० बद्दल तक्रारी जरूर कराव्यात. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज घटतं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. पंपावर निवड करायला वाव नाही. या तक्रारी खऱ्या आहेत, म्हणूनच माझ्या ठकठकीचं खापर इथेनॉलवर फोडायला नको.

३ सप्टेंबर, बुधवार

सर्व्हिस सेंटरला गेले होते. ॲडव्हायझर मुलगा तिशीच्या आतला, बोलायला सभ्य. त्याने स्कॅनर लावला, काही सापडलं नाही. सापडेल कसं? इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकलं की सहा-सात हजार हर्ट्झची थरथर होते, तेवढी टिपायची आणि कॉम्प्युटरने ठिणगी जरा उशिरा टाकायची, यासाठी तो बसवलेला आहे. जड, संथ ठोका त्याच्या हिशेबातच नाही. मुलाने मग महामार्गावर शेंद्र्यापर्यंत फेरी मारली, बोनेट उघडून ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, बेअरिंगचा वाटतोय. शॉर्ट ब्लॉक बदलावा लागेल.”

शॉर्ट ब्लॉक म्हणजे हेड सोडून खालचं सगळं इंजिन. अंदाजपत्रकात १,४२,००० रुपये, वर कर. गाडी दहा वर्षांची. विकायला काढली तर तीन लाख येतील की नाही, शंका आहे.

“नक्की कुठलं बेअरिंग, ते खोलून बघता येईल का?”

“खोलायचं काम इथे होत नाही, मॅडम. कंपनीची पॉलिसी पूर्ण युनिट बदलायची आहे.”

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात यादी दिलेली आहे आणि यादीत ‘ऑइल चेंबर खोलून बघणे’ हा पर्यायच नाही. पण दीड लाखाचा निर्णय घ्यायला मला काउंटरपाशी दहा मिनिटं मिळाली, आणि त्या दहा मिनिटांत झिजलेली एकही वस्तू माझ्यासमोर आली नाही. ‘वाटतोय’ या शब्दावर एवढे पैसे मागितले जातात. बँकेतून पन्नास हजार काढायचे तर किती कागद दाखवावे लागतात!

अंदाजपत्रक घेतलं आणि गाडी हळूहळू घरी आणली.

४ सप्टेंबर, गुरुवार

जीएसटी परिषदेचा काल रात्रीचा निर्णय पेपरात आहे. गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. आतापर्यंत बऱ्याच भागांवर २८ होता. म्हणजे लाखभराचे पार्ट घ्यायचे असतील तर दहा हजारांचा फरक. काम कुठेही करा, पार्ट घटस्थापनेनंतर घ्यायचे, एवढं ठरलं.

विम्याचे कागदही काढून पाहिले. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

मिरवणुकीमुळे रस्ते बंद, म्हणून आज सगळे घरी. शेजारचे गृहस्थ चहाला आले. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत त्यांची अर्धी हयात गेली आहे. त्यांनी सल्ला दिला तो अगदी मनापासून, मला मदत व्हावी म्हणून: “जाड ऑइल टाका, २०-डब्ल्यू-५०. वर एक घट्ट करायचा डबा मिळतो, तो ओता. आवाज महिनाभर बसतो. दसऱ्याला एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळ्या व्हा.”

उपाय चालतो, ते मला ठाऊक आहे. बेअरिंग आणि क्रँकच्या मधली फट वाढली की पातळ, तापलेलं तेल तिथे टिकत नाही, आणि धातूवर धातू आपटतो. जाड तेल ती फट काही काळ भरून काढतं. पण अशी गाडी कोण घेईल? चार-पाच वर्षं पैसे साठवून पहिली गाडी घेणारं कुणीतरी. मग एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन ते खंबाटकी चढत असतील, कॉनरॉड तुटेल आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येईल. चाकांखाली तेल, मागे ट्रकची रांग. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे माझ्याकडून होणार नाही. त्यांना राग आला नाही, आश्चर्य मात्र वाटलं.

७ सप्टेंबर, रविवार

रात्री खग्रास चंद्रग्रहण. सासूबाईंनी दिवेलागणीलाच सगळ्यांना जेवायला वाढलं. ढगांमुळे चंद्र काही दिसेना, म्हणून वाचत बसले.

आपण ‘नॉकिंग’ एकाच शब्दात दोन दुखणी कोंबतो. एक सिलिंडरच्या आतलं. ठिणगीने लावलेली आग पसरत पसरत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच भडकतं, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि खडे सांडल्यागत किणकिण ऐकू येते. वरच्या गिअरमध्ये गाडी ओढली की ती वाढते, गिअर खाली घेतला की थांबते. दुसरं दुखणं खालचं, बेअरिंगचं. तिथे इंधनाचा संबंध नाही, झीज आहे. पहिल्यावर चांगलं पेट्रोल, स्वच्छ प्लग, कार्बन काढणं एवढ्यात भागू शकतं. दुसऱ्यावर महागडं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकणं म्हणजे पैसे जाळणं. तरी लोक टाकतात, कारण आवाजाचं नाव एकच.

पहिल्या दुखण्याचा इतिहास वाचताना झोप उडाली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला बॅटरीवरचा सेल्फ स्टार्टर आणि नवी प्रज्वलन यंत्रणा चार्ल्स केटरिंगने दिली. इंजिनं ठोकू लागली तेव्हा लोकांनी त्याच्या यंत्रणेवर बोट ठेवलं. दोष यंत्रणेचा नसून इंधनाचा आहे हे सिद्ध करायचं काम त्याने थॉमस मिजलीकडे सोपवलं. मिजलीने आयोडीनपासून सुरुवात केली, शेकडो पदार्थ तपासले, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी ओहायोतल्या डेटनमध्ये टेट्राएथिल लेडचे थोडे थेंब पडताच ठोकणारं इंजिन गप्प झालं. मद्यार्कानेही ठोका थांबतो, हे या मंडळींना माहीत होतं. पण शिसं अगदी थोडं पुरत होतं आणि त्यावर पेटंटची मालकी सांगता येत होती. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही शिसं जगभरच्या टाक्यांत गेलं. आपल्याकडे ते देशभरातून बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. शेवटचा देश अल्जेरिया, २०२१ मध्ये.

माझ्याकडे उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी मुलं येतात. शिशाने लहान मुलांच्या मेंदूचं काय होतं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. सुरक्षित म्हणावी अशी त्याची पातळीच नाही. इंजिनाचा आवाज बंद व्हावा म्हणून जवळजवळ शंभर वर्षं हे विष रस्त्यारस्त्यावर, शाळांच्या दारात सोडलं गेलं. कालच्या जाड तेलाच्या सल्ल्यात आणि यात प्रमाणाचा प्रचंड फरक आहे, पण रीत एकच: आवाज गप्प केला, आणि किंमत भरायला दुसरं कुणी.

९ सप्टेंबर, मंगळवार

एमआयडीसीतल्या मिस्त्रींकडे गेले. पत्र्याची शेड, बाहेर खोललेले दोन ट्रॅक्टर. चहाच्या टपरीवरच्या ट्रकवाल्यांनी यांचं नाव सांगितलं होतं. मी माझी टिपणं वाचून दाखवली. ते मध्ये बोलले नाहीत. मग विचारलं, “थंडीला आवाज न्हाई म्हणता? आन् चढ सरला की वाढतो?”

हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला. आधी वर हेडवर. “टॅपेट बरं हाय.” टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या गतीने येते, कारण कॅमशाफ्ट निम्म्या गतीने फिरतो. हा आवाज तसा नव्हता. मग ब्लॉकच्या बाजूला, मग अगदी खाली चेंबरपाशी. तिथे ते थांबले आणि मूठ माझ्या हातात दिली. सांगायला नको इतकं स्पष्ट होतं.

पुढची परीक्षा मला फार आवडली. इंजिन चालू ठेवून त्यांनी एकेका सिलिंडरच्या कॉइलचं कनेक्टर काढलं. पहिलं काढलं, गाडी थरथरली, ठोका तसाच. दुसरं, तसाच. तिसरं काढलं आणि ठोका अर्ध्यावर आला. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होईना, म्हणजे त्या कॉनरॉडवर जोर येईना, म्हणजे तिथलंच बेअरिंग. यात एक रुपयाचं यंत्र नाही. चालू इंजिनाला हात घालायचं हे काम आपण घरी करायचं नाही, पण आपल्यासमोर करून दाखवा, असं म्हणायचा अधिकार प्रत्येक गाडीवाल्याला आहे.

नंतर तेलाच्या दाबाचा स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावला. ढोबळ नियम असा की दर हजार फेऱ्यांमागे दहा पाउंड दाब हवा. तापलेल्या इंजिनावर दोन हजार फेऱ्यांना काटा दहाच्या खाली. डिपस्टिकवर तेल मात्र पूर्ण. मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. “तेल हाय, पण वर चढत न्हाई. बेअरिंग आपसूक न्हाई गेलं, मॅडम. उपाशी मारलंय त्याला.”

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला नव्हता. तो दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो, हे किती जणांना ठाऊक असतं? बहुतेकांना वाटतं, दिवा नाही म्हणजे सगळं ठीक.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चेंबर खोललं. मला बोलावून घेतलं आणि मी जाईपर्यंत कशाला हात लावला नाही, याचं मोल मोठं आहे.

तेलाच्या पंपाला खाली जाळी असते, स्ट्रेनर. तिचा निम्म्याहून जास्त भाग करड्या, रबरासारख्या तुकड्यांनी बुजला होता. सिलिकॉनचा सीलंट. जूनमध्ये चेंबरमधून तेल पाझरत होतं, तेव्हा शहरातल्या एका गॅरेजमध्ये ते काढून नव्याने बसवलं होतं. सीलंट पातळ रेघेसारखा लावायचा असतो. लेपासारखा लावला की बोल्ट आवळताना जादा भाग जसा बाहेर येतो तसा आतही येतो. बाहेरचा पुसला जातो. आतला तेलात सुटतो आणि पंप त्याला जाळीपर्यंत ओढून आणतो. तीन महिने इंजिन अर्धपोटी चाललं.

तिसऱ्या कॉनरॉडची टोपी काढली. बेअरिंगची अर्धगोल पाती गुळगुळीत राखाडी असायला हवीत. यांच्यावर तांबूस थर उघडा पडला होता आणि ओरखडे नखाला लागत होते. बाकीच्या तिघांची झीज सुरू झालेली, पण थोडी. तिथली फट असते मिलिमीटरचे दोन ते पाच शतांश. तेवढ्या फटीत तेलाचा पापुद्रा अख्ख्या स्फोटाचा मार झेलतो. दाब गेला की पापुद्रा गेला.

मिस्त्रींनी दोन रस्ते सांगितले. नुसती पाती बदलायची, पाच-सात हजारांत काम, पण क्रँक खरवडला असेल तर वर्षभरात पुन्हा हेच. किंवा इंजिन उतरवून क्रँक बाहेर काढायचा, मापायचा, ग्राइंड करायचा. “आणि माप हाताबाहेर गेलं असलं तर क्रँक नवा. त्येचा खर्च आत्ता सांगत न्हाई, उगं खोटं व्हईल.” मापल्याशिवाय आकडा सांगायला नकार देणारा माणूस या प्रकरणात मला पहिल्यांदाच भेटला. इंजिन उतरवा म्हणाले. जाळी आणि पाती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी आणली, फोटो काढले, वर तारीख लिहिली.

१५ सप्टेंबर, सोमवार

वडापने मेढ्याला. जीपमध्ये मागे बसून व्यायामाचे पट्टे आणि स्टिम्युलेटरची पेटी मांडीवर. यवतेश्वरच्या पेशंट आजोबांना या आठवड्यात जमणार नाही असं कळवावं लागलं. कासचा फुलांचा हंगाम सुरू, घाटात शनिवार-रविवारी रिक्षाही मिळत नाही. पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने हातात किती हालचाल परत येते ते ठरवतात. गाडी शेडमध्ये पडली की नुसते दुरुस्तीचे पैसे जात नाहीत.

नवरा म्हणाला, एखादी नवी छोटी गाडी बघू या का. सासूबाई लगेच, “पितृपक्षात बघायलासुद्धा जायचं नाही.” या वेळी त्यांचा नेम माझ्या सोयीचा ठरला.

१७ सप्टेंबर, बुधवार

क्रँक घेऊन मिस्त्रींबरोबर ग्राइंडिंगवाल्या काकांकडे. साठी उलटलेले, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. त्यांचे वडील सातारारोडला कूपरच्या कारखान्यात होते. सर धनजीशा कूपर यांचा हा कारखाना. १९३० च्या दशकात तिथे डिझेल इंजिनं बनत होती, आणि हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या अंतरिम मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. साताऱ्याची ओळख किल्ला, कंदी पेढे आणि कास एवढीच सांगितली जाते. या हातांची कुणी सांगत नाही.

काकांनी मायक्रोमीटर फडक्याने पुसला आणि चारही जर्नल दोन-दोन दिशांनी मापले. तिसरा सहा शतांश लंबगोल. “दहा थाऊत निघतोय,” म्हणाले. म्हणजे सगळे जर्नल पाव मिलिमीटर बारीक करायचे आणि तितकी जाड पाती बसवायची. कंपनी अशी पाती देत नाही, बाहेरच्या चांगल्या बनावटीची मिळतात.

त्यांना विचारलं, यात चूक कुठे होते? काकांनी जर्नलच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. तिथे बारीक गोलाई असते. घाईत चाक सरळ खाली उतरवलं की ती जाऊन काटकोन होतो, आणि काही महिन्यांत क्रँकला तडा तिथूनच जातो. दुसरं म्हणजे तेलाची भोकं. ग्राइंडिंगची बारीक पूड त्यांत बसते. बाहेरून क्रँक आरशासारखा चकचकीत दिसतो, आणि इंजिन सुरू झालं की पहिल्या मिनिटात ती पूड नव्या पात्यांत. “म्हणून भोकं मी स्वतः धुतो. पोरांवर सोडत न्हाई.”

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

न्यू जर्सीच्या दादाला काकांचं बोलणं सांगितलं होतं. त्याने तिकडचं एक प्रकरण वाचायला पाठवलं. सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत २०११-१२ च्या सुमारे ४,७०,००० सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारण असं नोंदवलेलं की अलाबामातल्या इंजिन कारखान्यात मशिनिंगमध्ये निघालेले धातूचे कण क्रँकमधून पूर्ण साफ झाले नसावेत, त्याने तेल अडतं, कॉनरॉडची बेअरिंग जातात आणि आधी ठोक्याचा आवाज येतो. मार्च २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी जवळजवळ १२ लाख गाड्या. किम ग्वांग-हो या ह्युंदाईतल्याच अभियंत्याने माहिती उघड केली होती. २०२१ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याने त्याला २.४ कोटी डॉलरहून जास्त बक्षीस दिलं. पुढे या गाड्यांत नवं सॉफ्टवेअर घातलं गेलं, बेअरिंग जाण्याआधीची थरथर त्याच नॉक सेन्सरला ओळखता यावी म्हणून. म्हणजे मनावर घेतलं तर सेन्सरला जड ठोकाही ऐकवता येतो.

एवढ्या मोठ्या कारखान्यात जे निसटलं, ते काका केरोसीन आणि लांब ब्रशने हातांनी करतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, आणि काळजीही. ही विद्या शिकायला त्यांच्याकडे आज एकच पोरगा आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

पार्ट आणले, नव्या कराने. पाती, ऑइल पंप, नवी जाळी, गॅस्केटचा संच. तिसरा कॉनरॉड तापून निळसर पडला होता, तो नवा. जुना पंप मिस्त्रींनी ठेवायचा म्हटला असता तर दोन-तीन हजार वाचले असते, पण त्यात सिलिकॉनचा तुकडा अडकलेला त्यांनी दाखवला आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सोलापूरहून नणंदेचा फोन. सीनेला पूर, मराठवाड्यात तर गावंच्या गावं पाण्यात. तिच्या दिरांच्या गाडीत बोनेटपर्यंत पाणी शिरलं होतं, आता ओसरलंय, सुरू करून बघू का म्हणून विचारत होते. मी ओरडलेच. किल्ली लावायचीच नाही! सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि कॉनरॉड वाकतो. वाकलेला कॉनरॉड घेऊन गाडी कधी कधी चालतेसुद्धा, आणि मग ठोकायला लागते. बॅटरीची तार काढा, गाडी ओढून न्या, प्लग काढून पाणी बाहेर काढू द्या. विमाही तपासायला सांगितला. पुराचं नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत धरतात, पण पाणी गेल्यावर इंजिन सुरू केल्याने झालेलं नुकसान नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते. तिथे माणसांची घरं वाहून चालली आहेत, गाडीचं काय एवढं, असं वाटलं खरं. पण त्या दिरांची ती भाड्याने चालणारी गाडी आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

शेडमध्ये पूजा. पाने, जॅक, टॉर्क रेंच पाटावर ओळीने मांडलेले, हळदकुंकू, झेंडूची फुलं. आज हत्यार उचलायचं नाही. इंजिन बसून तयार आहे. नव्या पात्यांची फट काल मिस्त्रींनी माझ्यादेखत मापली होती. मेणाची बारीक दोरी जर्नलवर ठेवायची, टोपी ठरल्या जोराने आवळायची, पुन्हा उघडून चपटलेल्या दोरीची रुंदी पट्टीशी ताडून बघायची. चार शतांश. चेंबरला सीलंट लावला तो काडीएवढ्या जाडीचा, एकसलग, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने.

४ ऑक्टोबर, शनिवार

सुरू झाली. आधी प्लग काढून नुसती फिरवली, गेजवर दाब येईपर्यंत. मग ठिणगी. तापल्यावर दोन हजार फेऱ्यांना काटा पस्तीसवर. स्क्रू ड्रायव्हर मिस्त्रींनी न मागता माझ्या हातात दिला. चेंबरपाशी आता फक्त तेल फिरल्याची घरघर.

बिल ४०,५०० रुपये, त्यात मजुरी १४,०००. काहींना जास्त वाटेल. इंजिन उतरवून, उघडून, मापून, पुन्हा चढवायच्या या कामात मला एक रुपयाही जास्त वाटला नाही. हजार किलोमीटर हळू चालवायची, ओढायची नाही, पाचशेवर तेल आणि फिल्टर बदलायचा. काढलेला फिल्टर कापून बघायचा, धातूची चमक आहे का.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जूनमध्ये काम केलेल्या गॅरेजमध्ये पिशवी घेऊन गेले. मालक म्हणाले, “तीन महिने गाडी पळाली ना? आमचं काम असतं तर दुसऱ्या दिवशी बंद पडली असती.” मी सांगितलं की जाळी एका दिवसात बुजत नाही. मग ते म्हणाले, हा सीलंट आमचाच कशावरून? प्रश्न चुकीचा नाही. जूनचं बिल आहे, ‘ऑइल चेंबर काढून बसवणे’ असं त्यावर लिहिलेलं. त्यानंतर चेंबर कुणी उघडलं नव्हतं. मागे काम करणारा म्हातारा कारागीर पिशवीकडे बघत उभा होता. काही बोलला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सेवेतली त्रुटी. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, ई-जागृतीवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ वर फोन करून नोंद केली.

मिस्त्रींना म्हटलं, जे दिसलं ते एका कागदावर लिहून द्याल का? ते अवघडले. “मॅडम, बाजारात रोज त्येंचं तोंड बघायचंय. तोंडी म्हणाल तिथं सांगतो, पर कागद नको.” त्यांची अडचण मला कळते. सुटे पार्ट उधारीवर ज्या दुकानातून येतात ते दुकान त्या मालकांच्या भावाचं आहे. आग्रह केला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी काकांकडे. त्यांच्याकडे मी नुसतं बिल मागायला गेले होते. ते घरीच होते, पडवीत चष्मा लावून बसलेले. वही आणली, १७ सप्टेंबरचं पान काढलं. चारही जर्नलची मापं दोन्ही दिशांची, तिसऱ्यापुढे ‘लंबगोल ०.०६, कोरडा चाललेला, रंग निळा’ असं त्याच दिवशी त्यांनी लिहून ठेवलं होतं. प्रत्येक क्रँकचं लिहितात, चाळीस वर्षांच्या वह्या घरात आहेत. मी विचारायच्या आत त्यांनी ते सगळं बिलावर उतरवलं आणि खाली सही केली.

“कुणामुळं झालं ते मी लिहिणार न्हाई. माप माझं हाय, ते लिहितो.”

दुपारी तक्रार भरली. जूनचं बिल, सर्व्हिस सेंटरचं अंदाजपत्रक, जाळीचे फोटो, मिस्त्रींचं बिल, काकांचं बिल. मागणीच्या रकान्यात ४०,५०० लिहिले. बुडालेल्या भेटींचे पैसे मागितले नाहीत. त्याऐवजी एक ओळ जास्त लिहिली: यापुढे काढलेला प्रत्येक भाग ग्राहकाला दाखवून, मागितल्यास परत देण्याचं त्या गॅरेजने लेखी मान्य करावं. आयोगाला असं सांगता येतं की नाही, ते सुनावणीला कळेल. उद्या दहाला यवतेश्वरचे आजोबा, अकराला मेढा.